न अटकणारा गळ

६ ऑक्टोबर, रविवार

निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपातल्या लोकांनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. चौतीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला डायरी! तिच्यात लिहू काय, आज किती कप चहा प्यालो? ज्योत्सना म्हणाली, "लिहा ना. माह्या डोक्यामागची भुनभुन तरी कमी होईन." बायको अशी पाहिजे.

शाळेत गुरुजी सांगत, बोलायचं 'मले' आणि लिहायचं 'मला'. तेवढं पाळतो.

आज लिहायला खरंच काहीतरी आहे. काल तुलारामदादाकडे गेलो होतो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, चौसष्टचा. धरणाच्या काठी पुनर्वसनाच्या गावात राहतो. आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं त्याला बारा वर्षं झाली. मी तर त्याच्या कितीतरी आधी वरठीला नोकरीला लागलो होतो. दादा मात्र गावासोबत उठला, आणि आता त्याच पाण्यात डोंगा वल्हवत मासे धरतो.

निघताना शकुनवहिनी फाटकापर्यंत आली. दादाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "भाऊजी, तुमी जिंदगीभर लोखंड कातलं. गोट्यात अटकनच नाही असा एक गळ नाही बनवून देऊ शकत का?"

भानगड अशी आहे. जुन्या गावावर जाळं टाकता येत नाही. जोती, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं सगळं खाली तसंच आहे, जाळं फाटून हातात येतं. म्हणून तिथं दादा गळ वापरतो. शिशाची गोटी, तिच्यातच गळ ओतलेला. दोरानं तळापर्यंत सोडायचा आणि झटके देत वर-खाली नाचवायचा. दादा त्याला 'झटक्या' म्हणतो. मरळ, शिंगाडा असे मोठे मासे त्याच्यावर झडप घालतात. पण दहातून चार वेळा हा झटक्या मासा सोडून तळच्या गोट्यालाच धरतो. आणि अटकला की दादा दोर कापत नाही. बुडी मारून सोडवायला जातो. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं उन्हाळ्यातच बजावलं आहे, छाती कमजोर आहे, थंड पाण्यात उतरायचं नाही.

"मी म्हटलं, तुटला तर तुटू द्या," वहिनी सांगत होती. "पन नाही. अटकला का उतरलेच पान्यात. एखांद्या दिवशी वरच नाही येनार, भाऊजी."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हटलं, महिनाभरात देतो. चौतीस वर्षांत काय काय कातून दिलं लोकांना, एक गळ काय चीज आहे!

९ ऑक्टोबर, बुधवार

दादाचा एक झटक्या मागून आणला आहे. दोन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसलो. ज्योत्सना म्हणते, नवरीकडे नव्हतं पाहिलं एवढं.

चूक सापडली. दोष गळाचा नाही, गोटीचा आहे. गोटी तळाला टेकली की लोळते. लोळली की गळाचं टोक कपारीत जातं. मग ओढा किती ओढायचा तो. म्हणजे बूड चपटं पाहिजे, डोंग्याच्या बुडासारखं, आणि गळाचं तोंड वर. टायरवाल्याकडून चाकाला लावायचे शिशाचे तुकडे आणले, गॅसवर वितळवले. ज्योत्सनाची फोडणीची पळी त्यात कामी आली. दोन्ही अर्थांनी. दिवसभर घरात बोलणं बंद आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहाट फुटता फुटता दादासोबत पाण्यावर गेलो. शेजारी भैय्यालालचा डोंगा होता. भैय्यालाल दादाच्याच गल्लीतला, दोघं रोज सोबत निघतात. दादानं मला खुणा दाखवल्या. "थो टॉवर आन हे टेकडी एका रेषेत आले का समज आपली गल्ली." मला तर सगळीकडे पाणीच दिसत होतं.

चपटा झटक्या टाकला. पहिल्या पाच खेपा छान. सहाव्या खेपेला आडवा पडला आणि अटकला. झालं, माझी चार दिवसांची मेहनत बुडाली.

नंतर दादानं स्वतःचा टाकला. तो काय करतो ते मी नीट पाहत होतो, कारण काम समजल्याशिवाय अवजार बनत नाही. डोंगा हळूहळू सरकवत, गळ तळावरून ओढत, मान वाकडी करून बसला होता. मग म्हणाला, "लागला." मला वाटलं मासा. तर नाही, अटकला होता. आणि गडी खूश! दोर डोंग्याला बांधला, डोंगा जागच्या जागी थांबला. मग काहीच न करता पाचेक मिनिटं नुसता बसून. मग सदरा काढला आणि मी "अरे दादा, अरे" म्हणेपर्यंत गेला खाली.

मी घड्याळ लावलं. एक मिनिट दहा सेकंद. गळ सोडवायला वीस सेकंद पुरे. वर आला तेव्हा धाप इतकी की बोलता येईना.

"काय होतं खाली?" मी विचारलं.

"खोड असन," म्हणाला. माझ्याकडे न पाहता अंग पुसत बसला.

दादानं पुन्हा गळ लावला, आणि जवळच माझाही अटकला. तेही खोडच म्हणे. मी दोन्ही दोर ताठ उभे धरले आणि टेप लावला. साडेतीन फूट. खोली दीड पुरुष. दोन खोडं, अगदी शेजारी शेजारी, दोन्ही सरळ. झाडं अशी अंतर मोजून उगवत नाहीत, कोणीतरी लावली असतील. नोंद करून ठेवतो.

दादाला म्हटलं, इथं मासा तर दिसत नाही, मग रोज इथंच काहून? म्हणाला, "सवय." या वयात सवयी मोडणं कठीण. भैय्यालाल तिकडे स्वतःच्या डोंग्यात उगाच जाळ्याच्या गाठी पाहत होता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रविवारी दादाच्या घरी जेवलो तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. लिहून टाकली तर जाईल.

दादाच्या नव्या घराला लोखंडी दार आहे. लावलं की ठण्ण वाजतं. जुन्या घराची चौकट बिजाच्या लाकडाची होती. बाबांनी स्वतः तासलेली, दोन माणसं शेजारी शेजारी आत जातील एवढी रुंद. गाव उठत होतं तेव्हा लोकांनी छपराचे कवेलू उतरवले, खालच्या बल्ल्या काढल्या, दारं नेली. दादानंही सगळं नेलं. चौकट तेवढी राहिली, कारण ती जोत्यात खोल रोवलेली होती, एकट्यानं निघणारी नव्हती. मी फोनवर म्हटलं होतं, "दादा, रविवारी टेम्पो घेऊन येतो. आपण दोघं काढू."

त्या रविवारी जादा पाळी मिळत होती. मी ती घेतली. घरात अडचण नव्हती, कोणी आजारी नव्हतं, काही नाही. मिळत होती म्हणून घेतली. म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. बुधवारी पाणी गल्लीत शिरलं.

माय तेव्हा होती. वहिनीनं नंतर सांगितलं, त्या रविवारी माय आणि दादा उंबऱ्यावर बसून होते, सडकेकडे पाहत, संध्याकाळपर्यंत. माय दोन वर्षांनी गेली. दादा आजपर्यंत मला एका शब्दानं बोलला नाही. एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकट आता कुठली राहते. केव्हाच कुजून वाहून गेली असेल. जाऊ दे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात पाणी भरलं. आत गोटे, विटांचे तुकडे, फुटके कवेलू, एक बुंधा. ज्योत्सनानं शेजारणीला सांगितलं, "निवृत्त झाले ना, आता टाक्यात मासे धरून राहिले."

नवीन युक्ती अशी. सायकलच्या ब्रेकच्या वायरमधून एक बारीक तार काढली आणि गळाच्या टोकासमोर आडवी बसवली. दगड तारेला लागतो, टोकाला नाही. माशानं जबडा दाबला की तार वाकते आणि टोक मोकळं होतं. सुचलं तेव्हा एकट्यानंच टाळी वाजवली. शंभर खेपा केल्या. एकवीस वेळा अटकला. आधी चाळीस होता. म्हणजे निम्म्यावर आला, पण वहिनीला निम्मा नवरा देऊन काय उपयोग?

२७ ऑक्टोबर, रविवार

आज पाण्यावर गेलो नाही. दादाला ओट्यावर बसवलं, डायरी मांडीवर घेतली. म्हटलं, खाली काय काय आहे आणि हाताला कसं कसं लागतं ते एकेक सांग, मला अडकणीचे प्रकार लिहायचे आहेत. दादा एरवी दहा शब्द बोलत नाही. आज दीड तास बोलला. तोंडावर काय तेज! मी सगळं उतरवून घेतलं.

"कवेलूच्या ढिगावर गेला का दोर खरखरते, हाताले मुंग्या आल्यावानी." प्रकार एक.

"जोत्याचा गोटा टक करते आन सोडून देते." प्रकार दोन.

"इहिरीचा कठडा असन तर गळ गोल गोल जाते." प्रकार तीन.

"मंग?"

"मंग सपाट. काहीच नाही लागत. थे आंगन. मायनं किती सारवलं होतं, अजून गुळगुळीत हाय." स्वतःच हसला.

"आणि ती दोन खोडं?"

त्यानं ओट्यावरून तळवा फिरवला. मग म्हणाला, "त्याचं वेगळं हाय. धरलं का सोडतच नाही. आपून ओढून राहिलो, पन थे आपल्याले धरून राहते."

मी लिहिलं: प्रकार चार, खोड. सर्वात वाईट अडकण. टोक पूर्ण झाकणे आवश्यक.

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. चहा आणते म्हणून आत गेली ती आलीच नाही, चहा मीच आत जाऊन घेतला. तिला म्हटलं, काळजी नको वहिनी, आता होतंच. ती म्हणाली, "लवकर करा भाऊजी. थंडी चालू झाली."

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची धामधूम संपली. आणि गळ सुटला! म्हणजे कोडं सुटलं.

ज्योत्सनाची स्लिपर टाक्यात पडली आणि तरंगत राहिली. तिचा आरडाओरडा चालू होता, मी तिकडे पाहतच राहिलो. लहानपणी जत्रेत ते बाहुलं मिळायचं, किती पाडा, परत उभं. गोटी लोळूच नये, उभीच राहावी, एवढंच तर पाहिजे आहे! खाली शिसं जड, वर स्लिपरच्या रबराचा तुकडा, तो पाण्यात वर ओढतो. गळ मधे, पोटाला चिकटून, पुढे तारेचं कुंपण. गोट्यावर आदळला तर कलंडतो, घसरतो आणि पुन्हा उभा. कपारीत जायला आडवं व्हावं लागतं, आणि हा आडवा होतच नाही.

जुन्या वर्कशॉपात जाऊन साचा कातून आणला. शंभर खेपा. अटकला शून्य वेळा. बुंध्यावर मुद्दाम दाबला, तरी शून्य. मी एवढा खूश माझ्या लग्नातही नव्हतो. हे ज्योत्सनानं वाचू नये. एक स्लिपर मात्र तिची कायमची गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

आज धरणावर परीक्षा झाली.

दादानं त्या दोन खोडांच्या जागी डोंगा नेला. आधी आपला जुना झटक्या टाकून जागा नक्की केली, मग माझा सोडला. ओढला. आला. पुन्हा सोडला. आला. भैय्यालालही डोंगा जवळ आणून पाहत होता. मी मोजत होतो. वीस खेपा, एकदाही नाही! "कुठंच अटकत नाही!" मी ओरडलोच.

दादा म्हणाला, "अजून एक खेप." मग अजून एक. तेवीस खेपा केल्या त्यानं. डोंगा बांधलेला नव्हता म्हणून सरकत सरकत कुठच्या कुठे गेला. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असावी, दादा डोळे बारीक करून पाण्याकडे पाहत होता. मग एक शिंगाडा लागला, सव्वा किलोचा, आणि भैय्यालालनं शिटी मारली.

"लय मस्त बनवला नंदू," दादा म्हणाला. माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा. मला भरून आलं. वाटलं, त्या टेम्पोची थोडीतरी फेड झाली.

घरी वहिनीनं माझ्यासाठी शिंगाड्याचा रस्सा केला, पायसुद्धा धरायला निघाली. "तुमी माह्या कुंकवाले जपलं भाऊजी." दादाला म्हटलं, तुझे जुने झटक्या सगळे दे. त्यानं कोनाड्यातून काढून दिले, सहा होते. एक हातात धरून ठेवला होता, तोही मी घेतला. त्याच शिशाचे नवे ओततो. एकही जुना राहिला तर याची सवय जाणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सहाही वितळवले. पाच नवे झाले, दादाला नेऊन दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

दादाकडे गेलो. पंधरा दिवसांत एकही बुडी नाही, वहिनीनं सांगितलं. अंग कोरडं असतं घरी येताना. मासाही चांगला मिळतो. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

दादा मात्र उतरल्यासारखा वाटला. जेवणही अर्धंच. पानावरून उठताना म्हणाला, "नंदू, यातला एखांदा थोडासा अटकन असा नाही होनार का?"

मी तर हसून बेजार. "दादा, दीड महिना मी हेच काढत बसलो का अटकला नाही पाहिजे, आन तू म्हणते अटकला पाहिजे!"

"नाही, असंच इचारलं," म्हणाला, आणि तोही हसला.

म्हातारपण, दुसरं काय. वहिनीला सांगून आलो, दूध-अंडी देत जा.

८ डिसेंबर, रविवार

भैय्यालालचा फोन आला सकाळी. दादाला भंडाऱ्याला दवाखान्यात घेऊन चालला होता. काल थंडी मी म्हणत होती, त्यातच दादा पाण्यात उतरला. एकदा नाही, चार-पाच वेळा. शेवटी भैय्यालालनं ओढून डोंग्यात घातला तेव्हा ओठ निळे पडले होते. रात्रीतून छाती भरली.

"गळ अटकला होता का?" मी पहिलं हेच विचारलं. माझी मलाच लाज वाटते आता.

"नाही भाऊ, गळ तर मोकळाच होता, डोंग्यात ठेवला होता," भैय्यालाल म्हणाला. "इथं उतरे, नाही म्हने, डोंगा थोडा तिकडे घे. मंग तिथं उतरे. काहून, थे मले सांगतलं नाही."

गळ अटकला नव्हता. मग पाण्यात उतरायचं कारण काय? मी दिवसभर हाच विचार करतो आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

दवाखान्यात रोज जातो. आज थोडा बोलला. नाकाला नळी आहे, शब्द तुटत होते.

"तुह्या गळाचा काही दोष नाही, नंदू. थो चांगला हाय."

"मग उतरला कायले दादा?"

"पाहून येतो म्हटलं."

"काय पाहून येतो?"

त्यानं डोळे मिटून घेतले. माझा हात मात्र सोडला नाही. नर्सनं उठवलं तेव्हा मलाच बोटं सोडवून घ्यावी लागली.

१६ डिसेंबर, सोमवार

दुपारी दादा गेला.

१८ डिसेंबर, बुधवार

आज राख न्यायची होती. तीर्थाला कुठं जायचं, यावर नातेवाइकांचं बोलणं चाललं होतं. वहिनी म्हणाली, "कुठंच नाही. रोज जात थितंच." भैय्यालालनं डोंगा काढला. वहिनी, मी आणि मडकं.

टॉवर आणि टेकडी रेषेत आली तेव्हा भैय्यालाल थांबला. "गल्ली हेच. पन नेमकी जागा दादालेच मालूम होती."

वहिनी मला म्हणाली, "गळ टाका भाऊजी. चौकट लागन."

"कोणती चौकट?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग भैय्यालालकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"तुमाले खरंच नव्हतं समजलं?" वहिनी म्हणाली. "आपल्या घरची चौकट, बाबाजीनं तासलेली. उभी हाय ना अजून खाली. रोज तिलेच तर गळ लावत. दोर बांधून बसत घडीभर, मंग खाली जाऊन हात लावून येत. घरी आले का मले सांगत, आज लागली म्हनून. तुमाले सांगू नको म्हनत. नंदूले वाईट वाटन, टेम्पोची गोष्ट आठवन. त्याले मी खोड सांगतलं हाय, म्हनत."

साडेतीन फूट. दोन्ही सरळ, शेजारी शेजारी. तेरा ऑक्टोबरला मी स्वतः टेप लावून मोजलं आणि या डायरीत लिहून ठेवलं. चौतीस वर्षं मापं वाचायची नोकरी केली मी.

"मीच मूर्ख," वहिनी म्हणाली. "मीच तुमाले म्हटलं अटकू नये असा बनवा. मले वाटलं बुडी बंद होईन, चौकट तर लागतच राहीन वरून. अटकनच नाही तर लागन कशी, हे माह्या डोक्यात आलंच नाही."

मी म्हटलं, माझ्याही नाही आलं.

मी गळ टाकला. नवाच, कारण जुना एकही उरला नव्हता, सगळे मीच वितळवले होते. तासभर ओढत राहिलो. डायरीत लिहिलेलं सगळं पाठ होतं, कवेलू खरखर, जोतं टक, विहीर गोल, अंगण सपाट. काही कळेना. गळ प्रत्येक गोष्टीवरून कलंडून, घसरून, उभा राहून वर येत होता. दादा महिनाभर असाच ओढत बसला असेल. मला तर तासाभरात रडू फुटलं. वहिनीसमोर, भैय्यालालसमोर, हमसून हमसून रडलो.

मग खिशातली पक्कड काढली. तारेचं कुंपण तोडलं, स्लिपरचा तुकडा कापून टाकला, गळ वाकवून खाली काढला. दुसऱ्या गळाचंही तसंच केलं. पहिला टाकला. चौथ्या खेपेला अटकला. ओढला, सुटला नाही.

"लागली का?" वहिनीनं विचारलं.

दुसरा गळ मी साडेतीन फूट उजवीकडे सोडला. सरळ तळाला गेला. डावीकडे सोडला. तिकडेही काही नाही. सगळ्या बाजूंनी सोडला. ते कोणतं तरी एकटं खोड होतं, खरंखुरं. भैय्यालाल माझ्याकडे पाहत होता, त्यालाही समजलं होतं.

"व्हय वहिनी," मी म्हटलं. "चौकटच हाय."

तिनं दोरावर हात ठेवला. बराच वेळ धरून बसली. मग मडक्यातली राख हळूहळू पाण्यात सोडली. खोलवर जाईपर्यंत आम्ही तिघं पाहत होतो. गळ सुटेना. दादानं आयुष्यात कधी दोर कापला नव्हता. मी कापला.

परत येताना काठ जवळ आला तेव्हा वहिनी बोलली. "भाऊजी, नवीन गळ आल्यापासून महिनाभर थेही रोज असंच सांगत. मी इचारो, आज लागली का? व्हय म्हनत, लागली. आन अंग कोरडं राहे. मले समजत होतं. मी काही म्हटलं नाही."

३ जानेवारी, शुक्रवार

तेरवी होऊन पाच दिवस झाले. भैय्यालालचा फोन होता. पुनर्वसनाच्या गावातल्या सहा जणांना माझा गळ पाहिजे. पाण्यावर चर्चा आहे म्हणे, तुलारामच्या भावानं कुठंच न अटकणारा गळ काढला. मी म्हटलं, देतो बनवून. गळ चांगलाच आहे, त्याचा काही दोष नाही.

मग एक जुन्या पद्धतीचा ओतला. गोल गोटी, तोंड खाली, कुंपण नाही. ज्योत्सनानं फोडणीची नवी पळी स्वतःहून आणून दिली.

वहिनीले फोन केला. म्हटलं, त्या दिवशी थे चौकट नव्हती. ती म्हणाली, "मालूम हाय." मी म्हटलं, मले खरी सापडवायची आहे वहिनी, लागेपर्यंत येत राहीन. रविवारी येतो.

फोनमधून मागं कुठंतरी ते लोखंडी दार वाजलं. आणि मले आठवलं मी हेच शब्द पहिले कोणाले म्हटले होते.

"रविवारी नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी येतो."

"या," म्हणाली.

मोटारसायकलमधे पेट्रोल भरून आणलं. टेप आणि गळ पिशवीत टाकून पिशवी हँडलला अडकवून ठेवली आहे.